जुन्या गाडीचा श्वास : इंजिनातील वायुवीजन झडपेची ओळख

ग्रामीण विकासाचे कार्य आणि चारचाकी वाहन यांचे नाते जुने आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रमास प्रारंभ झाला आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. या काळात गटविकास अधिकाऱ्याची जीप ही शासन गावापर्यंत पोहोचल्याची पहिली खूण असे. वाहनांचे प्रकार पुढे बदलले. परंतु तालुक्याच्या ठिकाणी, शिक्षणसंस्थेत अथवा सहकारी संस्थेत जे वाहन हाती आहे तेच जपून वापरावयाचे, ही परिस्थिती बदललेली नाही. शासनाच्या मालकीच्या १५ वर्षांहून अधिक जुन्या वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा नियम केंद्र शासनाने १ एप्रिल २०२३ पासून लागू केला आहे. महाराष्ट्रात खाजगी व संस्थांच्या जुन्या गाड्या मात्र तपासणी व नोंदणीचे नूतनीकरण यांनंतर रस्त्यावर धावू शकतात. तेव्हा वाहन मुदत संपेपर्यंत सुस्थितीत राहावे आणि त्यावर अकारण खर्च होऊ नये, हे पाहणे कार्यालयप्रमुखाचे, संस्थाचालकाचे आणि वाहनचालकाचे समान कर्तव्य ठरते.

या दृष्टीने इंजिनातील एका लहानशा भागाची माहिती देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा भाग म्हणजे इंजिनाची वायुवीजन झडप होय. गॅरेजमध्ये तिला ‘पीसीव्ही व्हॉल्व्ह’ म्हणतात. ती अंगठ्याएवढी असते, तिची किंमत बहुधा काही शे रुपयांच्या पलीकडे जात नाही आणि ती कोठे आहे हे पुष्कळ वाहनमालकांना ठाऊक नसते. तथापि ती तुंबली तर चांगल्या इंजिनाचीही दुर्दशा होते.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी दौऱ्यावर असताना एका शिक्षणसंस्थेच्या मुख्याध्यापकांकडे मुक्कामाचा योग आला. संस्थेच्या जुन्या पेट्रोल गाडीखाली रोज सकाळी तेलाचे डाग दिसत. डिपस्टिकवरील तेलाची पातळी दर आठवड्यास खाली जाई. गाडी चौकात उभी राहिली की जळक्या तेलाचा वास आत येई. जवळच्या गॅरेजमधून इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधण्याचे दरपत्रक आले होते. ती रक्कम संस्थेच्या ग्रंथालयासाठी असलेल्या वर्षभराच्या तरतुदीहून अधिक होती. संस्थेच्या बैठकीत गाडी विकावी की ग्रंथालयाची खरेदी पुढे ढकलावी, यावर चर्चा चालू होती.

गावातील एका सेवानिवृत्त मिस्त्रींना मुख्याध्यापकांनी सहज म्हणून गाडी दाखविली. त्यांनी बॉनेट उघडून प्रथम एक रबरी नळी चाचपली. ती लाकडासारखी कडक झाली होती. नळीच्या टोकाची झडप काढून त्यांनी कानाशी हलवून पाहिली. आतून कसलाही आवाज आला नाही. काळ्या चिकट गाळाने ती पूर्ण बंद झाली होती. “गुरुजी, इंजिनाचा श्वास कोंडला आहे. आधी तो मोकळा करू, मग इंजिन खोलायचे की नाही ते ठरवू,” असे ते म्हणाले. नवी झडप, नवी नळी, तेलबदल आणि दाबामुळे निकामी झालेले एक ऑइल सील एवढ्यावर काम भागले. गळती थांबली आणि ग्रंथालयाची खरेदीही वेळेवर झाली. प्रत्येक जुन्या गाडीचे दुखणे इतके सोपे नसते, हे खरे. परंतु मोठ्या खर्चाच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी लहान गोष्ट तपासावी, हा धडा त्यातून मिळाला.

इंजिनात काय घडते?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबले जाते व पेटविले जाते. त्या स्फोटाच्या बळाने पिस्टन खाली जातो. पिस्टनभोवतीच्या रिंगा वायूंना अडवून धरतात. परंतु त्या कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली निसटतोच. इंजिनाच्या तळाकडील ज्या बंदिस्त भागात क्रँक फिरतो, त्यास क्रँककेस म्हणतात. वंगणाचे तेलही तेथेच खाली साठलेले असते. निसटलेला वायू या भागात जमा होतो.

त्यात न जळालेले पेट्रोल, पाण्याची वाफ व आम्लधर्मी पदार्थ असतात. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, हे लक्षात घेतले म्हणजे वाफेचा प्रश्न किती मोठा आहे हे समजते. यातील बहुतेक वाफ धुराड्यावाटे निघून जाते. पण जी क्रँककेसमध्ये शिरते ती तेलात मिसळून त्याचा चिकट गाळ बनविते. वायूंना बाहेर पडण्यास वाट नसेल तर आत दाब वाढतो. मग तो दाब सर्वांत दुर्बळ जागा शोधतो आणि ऑइल सील, टॅपेट कव्हरचे पॅकिंग किंवा डिपस्टिकची नळी यांतून तेल बाहेर ढकलतो.

केवळ घर ते कार्यालय असा दोन-तीन किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या गाडीस हा त्रास अधिक होतो. तिचे इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे तेलातील ओलावा उडून जात नाही. कमी धावलेली गाडी नेहमीच चांगल्या स्थितीत असते, हा समज म्हणूनच पूर्णपणे खरा नाही.

उघड्या नळीपासून बंदिस्त व्यवस्थेपर्यंत

पूर्वीच्या मोटारींत हे वायू बाहेर सोडण्यासाठी इंजिनापासून खाली रस्त्याकडे जाणारी एक उघडी नळी असे. गाडी धावू लागली की नळीच्या तोंडावरून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे वायू ओढले जात. गाडी उभी असली किंवा सावकाश चालत असली म्हणजे ही ओढ नाहीशी होई. शिवाय सर्व विषारी वायू व तेलाचे तुषार थेट हवेत व रस्त्यावर जात.

बंदिस्त व्यवस्थेचा एक प्रारंभीचा मोठा उपयोग दुसऱ्या महायुद्धात झाला. नदी-नाल्यांतून जाणाऱ्या लष्करी वाहनांच्या इंजिनात उघड्या नळीतून पाणी शिरण्याचा धोका होता. त्या काळच्या विलीज जीपमध्ये यास्तव क्रँककेसमधील वायू एका नळीने व झडपेच्या द्वारे इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या मार्गात, सोडले जात आणि तेथून ते सिलिंडरमध्ये जाऊन जळत. स्वातंत्र्योत्तर काळात याच विलीज जातीच्या जीपगाड्यांची जुळणी मुंबईत महिंद्र कंपनीने सुरू केली.

प्रदूषणाच्या दृष्टीने या झडपेचे महत्त्व नंतर कळले. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर दाटणाऱ्या धुरक्याचा अभ्यास कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काळात केला. मोटारींतून निघणारे हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोनयुक्त धुरके तयार होते, असे त्यांनी दाखविले. नियंत्रण नसलेल्या मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी सुमारे पाचवा हिस्सा धुराड्यातून नव्हे, तर क्रँककेसमधून येतो, असेही आढळून आले. त्यानंतर १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातील व १९६३ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना ही झडप बसविण्यात येऊ लागली. वाहनांच्या प्रदूषण नियंत्रणासाठी सरसकट वापरात आलेले हे पहिले साधन होय.

आपल्या देशात नव्या पेट्रोल मोटारींना उत्सर्जनाची मानके १९९१ पासून लागू झाली व २००० नंतर ती टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पीयूसी प्रमाणपत्रासाठी होणारी तपासणी धुराड्यातून निघणाऱ्या वायूंची असते. झडपेची नळी तुटून वायू बॉनेटखाली सुटत असतील, तर ते त्या यंत्रास दिसत नाहीत. प्रमाणपत्र खिशात असले तरी ही जबाबदारी वाहनमालकावरच राहते.

झडपेचे कार्य

झडपेच्या आत एक लहान दांडी व स्प्रिंग असते. इंजिन बंद असताना स्प्रिंग दांडीस एका टोकास दाबून मार्ग बंद ठेवते. इंजिन चालू होऊन गाडी जागेवर उभी असते तेव्हा मॅनिफोल्डमधील ओढ फार जोराची असते. ती दांडीस पुरती खेचून घेते आणि मार्ग अरुंद होतो. अशा वेळी क्रँककेसमध्ये येणारे वायूही थोडेच असतात. म्हणून अरुंद मार्ग पुरेसा होतो. गाडी वेगाने धावू लागली की ओढ कमी होते, दांडी मध्यावर येते आणि अधिक वायूंना वाट मिळते. याउलट मॅनिफोल्डमध्ये भडका उडाला, तर त्याच्या दाबाने दांडी मागे जाऊन मार्ग बंद करते व ज्वाला क्रँककेसपर्यंत पोहोचू देत नाही. तेथे पेट्रोलची वाफ असल्याने ही सुरक्षितता फार मोलाची आहे.

जितके वायू बाहेर ओढले जातात त्यांच्या जागी एअर क्लीनरमधून दुसऱ्या नळीने स्वच्छ हवा इंजिनात येते. म्हणजे या व्यवस्थेस दोन वाटा आहेत, एक आत येण्याची व एक बाहेर जाण्याची. झडप बाहेर जाण्याच्या वाटेवर असते. पुष्कळदा झडप बदलली जाते, पण स्वच्छ हवेची नळी तुंबलेलीच राहते. दोन्ही पाहिल्याविना काम पूर्ण होत नाही.

झडप कोठे असते?

जुन्या पेट्रोल गाड्यांत ही झडप सामान्यतः दोनपैकी एका जागी सापडते. पहिली जागा म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हर. तेथे रबरी ग्रॉमेटमध्ये झडप नुसती दाबून बसविलेली असते. दुसरी जागा म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. तेथे झडप बहुधा आट्यांवर घट्ट केलेली असते व तिच्यापासून निघणारी नळी टॅपेट कव्हरकडे जाते. विलीज जीपमध्ये ती मॅनिफोल्डवरच होती. आपल्याकडील जिप्सीचे भावंड शोभणाऱ्या, परदेशात ‘समुराई’ नावाने विकल्या गेलेल्या सुझुकी गाडीच्या १.३ लिटर इंजिनातही ती मॅनिफोल्डवरच असते.

शोधण्याची सोपी रीत अशी. प्रथम तेल भरण्याचे झाकण शोधावे. ते बहुधा टॅपेट कव्हरवरच असते. त्या कव्हरवरून निघणाऱ्या बोटाएवढ्या जाड रबरी नळ्या पाहाव्यात. जी नळी एअर क्लीनरकडे जाते ती स्वच्छ हवेची. जी कार्बोरेटरच्या अथवा थ्रॉटलच्या पलीकडे मॅनिफोल्डवर जाते ती झडपेची. तिच्या दोन टोकांपैकी एका टोकास झडप असते. काही गाड्यांत एअर क्लीनरचा डबा बाजूस केल्याशिवाय ती दिसत नाही. अलीकडील अनेक इंजिनांत झडप सुटी नसून टॅपेट कव्हरमध्येच सामावलेली असते. तेथे उत्पादकाची माहितीपुस्तिका पाहणे हाच मार्ग होय.

बिघाडाची लक्षणे

झडप तुंबून बंद झाली असल्यास सील व पॅकिंग यांतून तेल पाझरते, एअर क्लीनरमध्ये तेल दिसू लागते, डिपस्टिक आपोआप वर सरकते आणि तेल लवकर काळे व घट्ट होते. झडप उघडी राहून अडकली असल्यास जादा हवा मॅनिफोल्डमध्ये शिरते. त्यामुळे उभ्या गाडीचे इंजिन थरथरते, मध्येच बंद पडते व तेल ओढले जाऊन धुराड्यातून निळसर धूर निघतो. नळीला चीर पडली असल्यास सूं असा आवाज ऐकू येतो.

तेल भरण्याच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसल्यास तेलात ओलावा आहे असे समजावे. कमी अंतराच्या फेऱ्या किंवा तुंबलेली झडप ही त्याची कारणे असू शकतात. परंतु रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटची तपासणी विनाविलंब करून घ्यावी.

तपासणीच्या साध्या रीती

तपासणी मोकळ्या जागेत करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणे प्राणघातक ठरू शकते. इंजिन चालू असताना बाही, पदर, ओढणी अथवा उपरणे पंख्यापासून दूर ठेवावे.

इंजिन चालू ठेवून झडप टॅपेट कव्हरमधून काढावी व तिच्या तोंडावर बोट ठेवावे. झडप मॅनिफोल्डवर असल्यास तिच्या नळीचे टॅपेट कव्हरकडील टोक काढून त्यावर बोट ठेवावे. बोटास स्पष्ट ओढ जाणवली पाहिजे. ओढ नसेल तर झडप किंवा नळी तुंबली आहे. दुसरी रीत कागदाची. झडप जागेवर ठेवून एअर क्लीनरकडून येणारी स्वच्छ हवेची वाट तात्पुरती बंद करावी, तेलाचे झाकण काढून तोंडावर जाडसर कागद ठेवावा. मिनिटभरात कागद तोंडास चिकटल्यास व्यवस्था ठीक आहे. तो उडू लागल्यास वायू नीट ओढले जात नाहीत.

इंजिन बंद करून झडप काढावी व हलवावी. आतील दांडीचा खुळखुळ आवाज आला पाहिजे. आवाज आला म्हणजे झडप निर्दोष आहे असे मात्र नव्हे, कारण स्प्रिंग अशक्त झाली असली तरी आवाज येतो. आवाज न आल्यास ती निश्चितच निकामी समजावी. झडपेतून तोंडाने हवा ओढून पाहण्याची काहींना सवय असते. आतील पदार्थ विषारी असल्याने ती कटाक्षाने टाळावी.

झडप कशी बदलावी?

१) गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, किल्ली काढून घ्यावी व इंजिन थंड होऊ द्यावे.

२) नवी झडप आपल्याच मॉडेलच्या भाग-क्रमांकाची असावी. दिसण्यात सारख्या झडपांची वायू सोडण्याची क्षमता वेगळी असते. ‘बसते म्हणून चालते’ हा न्याय येथे लागू नाही.

३) नळीची क्लिप पक्कडीने मागे सरकवून नळी हळूहळू पिळून सोडवावी. ती कडक किंवा चिरलेली असल्यास नवी घ्यावी. नळी तेल व पेट्रोल सहन करणाऱ्या रबराचीच हवी. सायकलच्या ट्यूबचा किंवा पाण्याच्या पाइपचा तुकडा काही दिवसांत फुगून मऊ होतो व ओढीने चपटा होऊन वाट बंद करतो.

४) ग्रॉमेटमधील झडप सरळ वर ओढून काढावी. ग्रॉमेट कडक झाले असेल तर तेही बदलावे. त्याचे तुकडे इंजिनात पडू देऊ नयेत. आट्यांची झडप योग्य मापाच्या पान्याने सोडवावी.

५) झडप बसण्याची जागा स्वच्छ फडक्याने पुसावी. स्वच्छ हवेची नळी व एअर क्लीनरही याच वेळी पाहावेत.

६) नवी झडप योग्य दिशेने बसवावी. मॅनिफोल्डकडे जाणारे टोक मॅनिफोल्डकडेच असावे. आटे प्रथम हाताने फिरवून मग बेताने घट्ट करावेत. मॅनिफोल्ड अॅल्युमिनियमचे असल्यास अधिक जोराने आटे खराब होतात.

७) इंजिन सुरू करून कोठे सूं आवाज येतो काय ते ऐकावे. जुन्या तेलात गाळ असल्यास तेल व ऑइल फिल्टर बदलावे.

झडप धुऊन पुन्हा वापरता येते काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तात्पुरती गरज म्हणून ते शक्य आहे. परंतु धुण्याने स्प्रिंगचा थकवा जात नाही. एवढ्या स्वल्प किमतीच्या भागात काटकसर करण्यात हशील नाही. गळतीच्या भीतीने झडपेची वाट बोल्ट ठोकून कायमची बंद करणे हा प्रकार तर सर्वथा घातक होय.

डिझेल वाहनांविषयी

जुन्या डिझेल इंजिनांत सामान्यतः थ्रॉटल नसल्याने मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल इंजिनासारखी जोराची ओढ निर्माण होत नाही. म्हणून त्यांत ही झडप नसून ब्रीदर नावाची श्वासनळी असते. डिझेल जीप किंवा ट्रॅक्टर वापरणाऱ्यांनी ब्रीदरची नळी व जाळी मोकळी आहे ना, एवढे तरी प्रत्येक तेलबदलाच्या वेळी पाहावे. तत्त्व एकच आहे. इंजिनास श्वास सोडण्याची वाट हवी.

नोंद आणि निर्णय

नवी झडप बसविल्यावरही तेलाच्या झाकणातून धुराचे जोरदार लोट येत असतील तर रिंगा व सिलिंडर झिजल्याची शक्यता असते. तेव्हा कॉम्प्रेशनची तपासणी करून घ्यावी. झडप हा झिजलेल्या इंजिनावरचा उतारा नव्हे. परंतु इंजिन खरोखर झिजले आहे की केवळ कोंडले आहे, हे तिच्यामुळे कळते. दुरुस्तीचा मोठा प्रस्ताव मान्य करताना किंवा वाहन निर्लेखित करण्याचा विचार करताना ‘वायुवीजन झडप तपासली काय?’ हा एक प्रश्न विचारण्यास काहीच खर्च येत नाही.

या कामी वाहनाची नोंदवही हे उत्तम साधन आहे. डिझेल-पेट्रोल किती भरले याची नोंद आपण काटेकोरपणे ठेवतो. त्याचबरोबर दोन तेलबदलांच्या दरम्यान किती इंजिन ऑइल वरून घालावे लागले याचीही तारीखवार नोंद ठेवावी. तेल वाढत्या प्रमाणात लागत आहे असे त्या आकड्यांवरून दिसले, की गळती जमिनीवर दिसण्यापूर्वीच सावध होता येते. माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांनी तर ही जुनी झडप फेकून न देता वर्गात न्यावी. हवेचा दाब, स्प्रिंगचे बल आणि एकमार्गी झडप हे तिन्ही धडे त्या अंगठ्याएवढ्या तुकड्यात आहेत.

सार्वजनिक पैशाचा अपव्यय नेहमी मोठ्या चुकांमुळेच होतो असे नाही. कोणी वेळेवर न पाहिलेल्या एका लहान नळीमुळेही तो होतो. पुढच्या तेलबदलाच्या दिवशी आपल्या वाहनचालकासमवेत बॉनेट उघडून ही झडप एकवार पाहून घ्यावी, एवढीच वाचकांना विनंती आहे.